सतरा अंकांचा हार

तुम्ही मान्यखेटात आहात. इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ. कागिणा नदीकाठची ही राष्ट्रकूटांची राजधानी पुढे मळखेड या नावाने कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं एक गाव होऊन राहील. आज मात्र इथे अमोघवर्ष नृपतुंगाचं राज्य आहे. वेरूळचं कैलास लेणं याच घराण्याने कोरवून घेतलं. अमोघवर्ष ८१४ पासून गादीवर आहे. त्याच्या आश्रयाला कवी आहेत, जैन मुनी आहेत आणि महावीराचार्य नावाचे एक गणिती आहेत.

तुमच्याजवळ सामान असं काही नाही. फक्त एक संख्या तुम्ही मनात घेऊन आला आहात:

१२३४५६७८९८७६५४३२१

तिच्यासाठीच हा प्रवास. तुम्हाला ही संख्या नीट ओळखायची आहे, आणि ज्यांनी तिच्या कुळातल्या संख्यांकडे खरोखर लक्ष देऊन पाहिलं त्यांच्या काळात गेल्याशिवाय ती ओळख पुरी होणार नाही.

पहिला प्रश्न सोपा वाटतो: ही केवढी मोठी? महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात स्थानांची चोवीस नावं आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी सुरुवात करून कोटी, अर्बुद, खर्व, पद्म मागे टाकत ती महाक्षोभापर्यंत जातात. तुमच्या संख्येचे अंक सतरा. त्यातला सगळ्यांत डावीकडचा १ बसतो तो सतराव्या स्थानी, ‘क्षोणी’च्या घरात. सेकंदाला एक या गतीने मोजत बसलात तर शेवटाला पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. छाती दडपते खरी. पण एवढं कळून संख्येबद्दल काय कळलं? तिच्या शेजारची, एकाने कमी असलेली संख्याही तेवढीच दडपून टाकते, आणि त्या दोघींच्या स्वभावात मात्र काहीच साम्य नाही. स्वभाव कळायचा तर संख्येला प्रश्न विचारावे लागतात.

महावीराचार्यांच्या ग्रंथात गुणाकाराच्या भागात अशा प्रश्नांची रांगच आहे. काही गुणाकार त्यांनी मुद्दाम निवडले आहेत, कारण त्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. १३९ ला १०९ ने गुणा: १५१५१. १५२२०७ ला ७३ ने गुणा: आठ एक ओळीने उभे राहतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा: १२३४५६५४३२१. ही शेवटची संख्या सांगताना ते अंकांची नावंही घेत नाहीत. एकापासून सहापर्यंत चढत गेलेली आणि मग क्रमाने उतरत आलेली, एवढंच तिचं वर्णन करतात. तुम्ही चमकता. तुम्ही आणलेल्या संख्येची ही धाकटी बहीण आहे. ती सहावर थांबून मागे वळली, तुमची नऊपर्यंत गेली.

आता धूळपाटी पुढे ओढा आणि त्याच ग्रंथातला आणखी एक गुणाकार स्वतः करून पाहा: १२३४५६७९ गुणिले ९. या संख्येत ८ नाही, ते विसरून राहिलेलं नाही. उजवीकडून सुरू करा. नवा नवं एक्याऐंशी; १ मांडला, हातचे ८. सात नवं त्रेसष्ट आणि ८, एकाहत्तर. पुन्हा १ मांडला, हातचे ७. सहा नवं चोपन्न आणि ७, एकसष्ट. मग एक्कावन्न, एकेचाळीस, एकतीस, एकवीस, आणि शेवटी अकरा. प्रत्येक वेळी खाली उतरतो तो १ आणि हातचा दर वेळी एकाने कमी होतो. पाटीवर नऊ एक उभे आहेत: १११११११११. तो ८ तिथे असता तर हे झालं नसतं. ८१ मधले ८ हातचे पुढच्या त्रेसष्टाला एकाहत्तर करतात, म्हणून तर ही साखळी सुरू झाली.

महावीराचार्यांनी या गुणाकारात काय पाहिलं, ते तुम्हाला आता आतून कळतं. याने जमीन मोजली जात नाही, व्याज काढलं जात नाही. हिशेबाच्या, क्षेत्रफळाच्या, व्यापाराच्या उदाहरणांनी भरलेल्या ग्रंथात त्यांनी सौंदर्यासाठी म्हणून जागा राखली. नऊ एकांची ती ओळ लक्षात ठेवा आणि पाटीवरची धूळ सारखी करा.

आता तुम्ही पाटणला आहात, चाळीसगावाजवळ, सातमाळ्याच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी. साल १२०७. देवगिरीच्या यादवांचं राज्य आहे, आणि या मुलखावर त्यांचे मांडलिक निकुंभ राजे आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ उभा केला आहे आणि निकुंभांनी त्याला दान दिलं आहे. हे सगळं दगडावर कोरलं जातं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, आणि शेवटी मठाच्या देण्याचा तपशील लोकांना कळेल अशा मराठीत. साडेसहाशे वर्षांनी डॉ. भाऊ दाजी लाड हा लेख उजेडात आणतील. महाराष्ट्राच्या मातीत गणित शिकवण्यासाठी झालेल्या दानाची ही दगडावरची नोंद आहे. मराठी माणसाने ती एकदा तरी जाऊन पाहावी.

मठात भास्कराचार्यांची ‘लीलावती’ शिकवली जाते आहे. ग्रंथ ११५० चा. इथेही स्थानांची नावं पाठ होतात, पण ती अठरा, परार्धापर्यंतची. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी ‘एकं दहं शतं’ म्हणताना जी माळ म्हटली ती हीच. मान्यखेटात ज्या घराला क्षोणी म्हणत होते त्याला इथे ‘मध्य’ म्हणतात. घर तेच, सतरावं.

भास्कराचार्यांनी वर्ग करायची जी रीत दिली आहे ती घेऊन तुम्ही पाटीवर बसता. आधी लहान संख्या घ्या: १११. डावीकडच्या अंकाचा वर्ग करा आणि त्याच्या घरात मांडा. मग त्या अंकाची दुप्पट करून उरलेल्या प्रत्येक अंकाशी गुणा आणि उत्तरं पुढच्या घरांत ठेवा. म्हणजे १, २, २. आता डावीकडचा अंक पुसून टाका, उरलेले दोन अंक एक घर पुढे सरकवा आणि पुन्हा तेच करा: १, २. मग शेवटचा एकटा १. घरांवर घरं आली तिथे बेरीज घ्या. उत्तर १२३२१.

आता नऊ एक घ्या. ती ओळ तुम्ही मान्यखेटातून लक्षात ठेवून आणली आहे. रीत तीच, फक्त पाटी मोठी हवी. डाव्या टोकाच्या घरात एकच १ येतो. पुढच्या घरात २ जमतात, त्यापुढच्यात ३. मधल्या घरात सगळ्यांत जास्त गर्दी, तिथे नऊ एक एकत्र येतात. त्यानंतर गर्दी पुन्हा एकेकाने ओसरते. आणि नऊ हा एका घरात मावणारा शेवटचा अंक आहे. कुठेही हातचा येत नाही, म्हणून कुठलंही घर शेजारच्या घराला धक्का देत नाही. पाटीवर उभी राहते ती तुमचीच संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१.

आता ती कुठून आली हे तुम्हाला माहीत झालं, तेव्हा तिच्या वर्गीकरणाला सुरुवात करा. ती पूर्ण वर्ग आहे, नऊ एकांचा. ती विषम आहे. ती विलोमपद आहे, डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचली जाणारी. ती मूळ संख्या नाही. तिचे मूळ अवयव काढायचे तर नऊ एकांचेच काढा: ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. वर्गात प्रत्येकाचा घात दुप्पट होतो: ३ चा चौथा, ३७ चा दुसरा, ३३३६६७ चा दुसरा. यावरून तिचे विभाजक मोजता येतात: पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. विभाजकांची संख्या विषम आली, कारण पूर्ण वर्गात एक विभाजक स्वतःशीच जोडी जमवतो. इथे तो नऊ एकांचा. स्वतःला सोडून बाकी ४४ विभाजकांची बेरीज केलीत तर ती संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. म्हणून ती न्यून संख्या. ६ किंवा २८ यांच्यासारखी परिपूर्ण नव्हे.

अवयवांपाशी क्षणभर थांबा. ३७ गुणिले ३३३६६७ किती? १२३४५६७९. महावीराचार्यांची आठ नसलेली संख्या तुमच्या संख्येच्या आत बसली आहे.

आता विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. तुम्ही मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनात उतरता. आजचं डोंबिवली, आपल्या संख्यांशी जोडलं गेलेलं त्याचं नाव मात्र ‘डेम्लो’. १९०५ साली डहाणूला जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना इथे एका कुळातल्या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचते, आणि त्या संख्यांना ते स्टेशनचंच नाव देतात: डेम्लो संख्या.

कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी. पुढचं औपचारिक शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते.

फलाटावरच्या गर्दीत बाजूला उभे राहा आणि संख्येचे तीन तुकडे करा: आरंभ, मध्य आणि शेवट. १२३२१ घ्या. आरंभ १२, मध्य ३, शेवट २१. आरंभ आणि शेवट यांची बेरीज ३३, आणि मध्यावर ३. बेरजेत सगळे अंक मधल्यासारखेच आले. अशी संख्या ती डेम्लो. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. तीही त्याच कुळातली.

आता तुमची संख्या. मध्यावर ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा. आठ आणि एक नऊ, सात आणि दोन नऊ, सहा आणि तीन नऊ, असं करत टोकापर्यंत जा. आठच्या आठ घरांत नऊ: ९९९९९९९९. मधला नऊ त्यांच्याशी जुळतो. एकांच्या ओळींचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१ आणि पुढचे, यांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं. १९३८ साली त्यांचा यावरचा लेख प्रसिद्ध झाला, आणि १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकरांसोबत या संख्यांचा सिद्धांत आला. तुम्ही आणलेली संख्या या अद्भुत मालिकेतली नववी.

तिथून देवळालीला या. इथे तुमच्या संख्येला आणखी तीन प्रश्न विचारायचे आहेत, आणि तिन्ही कापरेकरांनी जगाला दिलेले आहेत.

पहिला: ती हर्षद आहे का? संख्येतल्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जात असेल तर ती हर्षद. अंकांची बेरीज घ्या. एक ते नऊ यांची पंचेचाळीस, आठ ते एक यांची छत्तीस, एकूण ८१. भाग जातो का? जातो: १५२४१५७८९९७१०४१. ती हर्षद आहे. आणि हा भागाकार कोणाचा वर्ग आहे ते पाहा. तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. मान्यखेटातली ती पाटी देवळालीत पुन्हा तुमच्यापुढे आली आहे. मधली अकराशे वर्षं या संख्येला ठाऊकही नाहीत.

दुसरा: ती स्वयंभू आहे का? कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या जन्माला येते. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जननी. काही संख्यांना अशी जननीच नसते, उदाहरणार्थ २०. कापरेकरांनी त्या वेगळ्या काढल्या, आणि देवळाली संख्या हेही त्यांचं एक नाव आहे. तुमची संख्या त्यात बसते का, हे पाहायला थोडं उलटं चालावं लागेल. नवांच्या शेषाचा नियम सांगतो की जननीच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच असायला हवी, आणि सतरा अंकांत ती १५३ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे ९ पासून १५३ पर्यंत मोजक्या शक्यता उरल्या. एकेक वजा करून पाहा. ८१ वजा केल्यावर १२३४५६७८९८७६५४२४० मिळते, आणि तिच्या अंकांची बेरीज बरोबर ८१ भरते. सापडली. बाकीच्या सगळ्या शक्यता तपासल्यात तर एकही जुळत नाही. तेव्हा तुमची संख्या स्वयंभू नाही, आणि तिला जननी एकच.

तिसरा: ती ज्या संख्येचा वर्ग आहे ती नऊ एकांची संख्या ‘कापरेकर संख्या’ आहे का? २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा २९७. अशी संख्या ती कापरेकर. नऊ एकांच्या वर्गाचे उजवीकडून नऊ अंक तोडा: ९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. नऊ एक हवे होते, नऊ नऊ आले. कापरेकर संख्या नाही. पण ही बेरीज सोडून देण्यासारखी नाही, ती घेऊन निघा.

निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कापरेकरांच्या या कामाला त्यांच्या काळातल्या अनेक गणितज्ञांनी गांभीर्याने घेतलं नाही. जगभर नाव झालं ते १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. तोपर्यंत ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. १९८६ साली ते गेले. प्रश्न उपयोगाचा आहे का, एवढंच विचारणाऱ्यांना त्यांचं काम दिसलं नाही. मान्यखेटाच्या दरबारात मात्र ते नक्की ओळखलं गेलं असतं, कारण तिथल्या ग्रंथात अशा संख्यांना हाराचा मान होता.

आता परत तुमच्या काळात या. खिशात फोन, समोर लॅपटॉप. स्प्रेडशीट उघडा आणि १११११११११ चा वर्ग करायला सांगा. उत्तर दिसतं: १२३४५६७८९८७६५४३००. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारा: १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गेला. विलोमपद मोडलं, वर्ग उरला नाही, विषमाची सम झाली.

यंत्र बिघडलेलं नाही. ही साधनं संख्या ज्या पद्धतीने साठवतात तिथे बायनरीतले ५३ अंक मावतात. २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांकाला स्वतःची जागा आहे. त्यापुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्यांना जागा मिळते. तुमची संख्या नेमकी त्या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, म्हणून तिला शेजारच्या घरात ढकललं जातं. स्प्रेडशीट तर पंधरा अंकांपुढे शून्यंच दाखवते. पायथॉनसारख्या भाषेत पूर्णांक हवा तेवढा लांब ठेवता येतो. तिथे उत्तर अचूक मिळतं. पण ही चूक कोणाच्या लक्षात येईल? ज्याला माहीत आहे की ही संख्या विषमच असायला हवी, दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जायला हवी, तिला ८१ ने भाग जायलाच हवा. गुणधर्म ठाऊक असणं म्हणजे संख्येला चेहऱ्याने ओळखणं, आणि त्या ओळखीच्या जोरावर माणूस यंत्राची चूक पकडतो. शाळेत मुलांना वर्ग करायला लावून उत्तराखाली रेघ मारून थांबवू नये. त्या उत्तराला आणखी चार प्रश्न विचारायला शिकवावं.

तेव्हा तुम्हीही थांबू नका. देवळालीहून आणलेली नऊ नवांची बेरीज पुढे घ्या आणि मागे वळून लहान ओळी पाहा. ११ चा वर्ग १२१. उजवीकडचे दोन अंक तोडा, १ आणि २१ मिळून २२. १११ चा वर्ग १२३२१. तीन अंक तोडा, १२ आणि ३२१ मिळून ३३३. दोन एकांनी दोन दोन दिले, तीन एकांनी तीन तीन, आणि नऊ एकांनी नऊ नऊ.

मग दहा एक? मधल्या घरात आता दहा जमतात, हातचा निघतो आणि डावीकडच्या घरांना धक्का बसतो. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. दोन्ही बाजूंचं साम्य गेलं. पण उजवीकडून दहा अंक तोडा: ०९८७६५४३२१. डावीकडे १२३४५६७९०. बेरीज ११११११११११. दहा एकांची संख्या कापरेकर संख्या आहे. आणि डाव्या तुकड्याच्या सुरुवातीला पाहा, आठ नसलेली ती १२३४५६७९ इथेही आहे. ज्या हातच्याने एक गुण मोडला त्याच हातच्याने दुसरा दिला.

अकरा एक घ्या. वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. अकरा अंक तोडून बेरीज करा: अकरा वेळा २. कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. बेरजेत कोणता अंक येणार ते ठरवतो एकांच्या संख्येला ९ ने भागल्यावर उरणारा शेष, आणि शेष शून्य असेल तिथे ९ येतो. दहाला १ उरतो, अकराला २. म्हणून १ नंतर थेट दहा एकांशी आणि मग एकोणीस एकांशी कापरेकर संख्या पुन्हा भेटते.

बारा एकांचं काय होईल, ते आता तुम्ही पाटीला हात लावण्याआधीच सांगू शकता.